शाळेत स्वास्थ्याचा तास आणणारे आचार्य : स्वामी कुवलयानंद

शाळेचा लौकिक कशावरून ठरतो, असा प्रश्न विचारला तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते. शालान्त परीक्षेचा निकाल, गुणवत्ता यादीतील नावे आणि फार तर एखादा चमकलेला खेळाडू. या तिन्ही गोष्टी मोजता येतात, फलकावर लिहिता येतात, अहवालात छापता येतात. मात्र वर्गातील अशक्त मुलगा वर्षाअखेरीस ताठ बसू लागला, दम लागणारी मुलगी धावू लागली, चिडखोर मूल शांत झोपू लागले, हे कोणत्याही फलकावर येत नाही. त्यामुळेच परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातून सर्वांत आधी जातो तो शारीरिक शिक्षणाचा तास. तो तास राखून ठेवणारे मुख्याध्यापक आणि प्राचार्य महाराष्ट्रात होऊन गेले, आजही आहेत. त्यांचा गौरव मात्र क्वचितच होतो. या परंपरेत ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल असे एक थोर पुरुष म्हणजे लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद होत.

योगाचे शास्त्रीय संशोधक म्हणून स्वामीजींना जग ओळखते. परंतु त्यांच्या जीवनाचा प्रारंभ शाळेच्या वर्गात झाला आणि उत्तरायुष्यात त्यांनी केलेले एक मोठे कार्यही शाळेसाठीच होते, याचे स्मरण फारसे ठेवले जात नाही. त्यांच्या चरित्राचा हा भाग शिक्षणसंस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे.

बडोद्याची तालीम

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे एका मराठी कुटुंबात झाला. वडील शिक्षक होते. घरची स्थिती बेताची होती. लहानपणापासूनच जगन्नाथाला इतरांच्या साहाय्यावर आणि स्वतःच्या कष्टांवर शिक्षण पुरे करावे लागले. बुद्धी मात्र तीव्र होती. १९०३ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होताना संस्कृत विषयासाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली आणि ते बडोदे महाविद्यालयात दाखल झाले. अरविंद घोष त्या काळी बडोद्यास अध्यापन करीत होते. त्यांच्या विचारांचा आणि पुढे लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा या तरुणाच्या मनावर खोल ठसा उमटला. आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय त्यांनी याच वयात केला.

देशसेवा करावयाची तर शरीर कसलेले हवे, ही त्या पिढीची श्रद्धा होती. जगन्नाथराव बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न माणिकराव यांच्याकडे गेले. माणिकरावांनी ही तालीम आपले उस्ताद जुम्मादादा यांच्या नावे चालविली होती. कुस्ती, मल्लखांब, लाठी आणि शस्त्रविद्या यांत ते निष्णात होते, तसेच हाडवैद्य म्हणूनही त्यांची ख्याती होती. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे जगन्नाथरावांनी त्यांच्या हाताखाली भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले.

माणिकरावांचे एक वैशिष्ट्य येथे नमूद केले पाहिजे. जुन्या आखाड्यात वस्ताद एकेका शिष्याला तयार करीत असे. माणिकरावांनी शेकडो मुलांना एका वेळी, एका तालावर व्यायाम देण्याची सांघिक पद्धत रूढ केली आणि कवायतीच्या इंग्रजी हुकुमांऐवजी देशी भाषेतील आज्ञा वापरल्या. आखाडा बलवंताला अधिक बलवंत करीत असे. सांघिक व्यायामात रांगेतल्या शेवटच्या मुलालाही जागा होती. या पद्धतीचे बीज जगन्नाथरावांच्या मनात पडले. त्याला फळ येण्यास मात्र पंचवीस वर्षे लागली.

अमळनेरचे प्राचार्यपद

पदवी घेतल्यानंतर जगन्नाथरावांनी शिक्षकी पेशा पत्करला आणि ते खानदेशातील अमळनेर येथे आले. अजिंठ्याच्या डोंगररांगांपलीकडचे, मराठवाड्यापासून फार दूर नसलेले हे गाव त्या काळी विद्येचे एक जागते केंद्र बनत होते. खानदेश शिक्षण मंडळाची शाळा येथे होती. १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्यातून तत्त्वज्ञान मंदिर येथे उभे राहिले. पुढे १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजींनी अमळनेरच्याच शाळेत अध्यापन केले, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या आधीच्या दशकात याच गावी गुणे मास्तर शिकवीत होते.

१९१६ च्या सुमारास अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. वय अवघे तेहेतीस. सरकारी शिक्षणातून कारकून निपजतात, राष्ट्रीय शिक्षणातून स्वाभिमानी नागरिक घडावेत, हा त्या काळातील राष्ट्रीय शाळांचा हेतू होता. सकाळी तालमीत घाम गाळलेला माणूस प्राचार्याच्या आसनावर बसला होता. त्यामुळे शरीर आणि बुद्धी यांचे शिक्षण वेगळे करता येत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांना व्याख्यानातून सांगण्याची गरजच नव्हती.

हे कार्य फार काळ चालू शकले नाही. १९२० साली राष्ट्रीय महाविद्यालय बंद झाले. तेथील स्वदेशाभिमानी वातावरण परकीय सरकारला मानवणारे नव्हते. तरुण प्राचार्यांच्या हातून त्यांची संस्था गेली. जगन्नाथराव खानदेश शिक्षण मंडळाच्या कार्यातच राहिले आणि १९२३ पर्यंत भारतीय संस्कृतीचे अध्यापन करीत राहिले. पण त्यांच्या मनात आता एक नवा प्रश्न घर करून बसला होता.

नर्मदाकाठचे गुरू आणि रुग्णालयातील क्ष-किरण

१९१९ साली नर्मदेच्या तीरावरील मालसर येथे जगन्नाथरावांची परमहंस माधवदासजी महाराज यांच्याशी भेट झाली. माधवदासजी मूळचे बंगालचे. अनेक वर्षे भ्रमण करून ते नर्मदाकाठी स्थिरावले होते. त्यांच्याकडून जगन्नाथरावांना योगसाधनेची दीक्षा मिळाली. तालमीतल्या जोर-बैठकांनी स्नायू भरतात, हा अनुभव त्यांच्या गाठी होता. आसने आणि प्राणायाम यांचा परिणाम काही वेगळाच जाणवत होता. पण हा परिणाम नेमका कोणता, तो सर्वांवर सारखा होतो काय, आणि तो कशामुळे होतो, हे कोणी सांगू शकत नव्हते. साधक म्हणत होता की अनुभव घ्या. शिकलेला डॉक्टर म्हणत होता की हे सारे थोतांड आहे. शाळेतल्या मुलांच्या हाती एखादी गोष्ट द्यावयाची तर ती तपासून दिली पाहिजे, केवळ श्रद्धेवर देता येणार नाही, असे या शिक्षकाच्या मनाने घेतले.

१९२० ते १९२१ या काळात बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचे प्रयोग केले. बेरियम पाजून, क्ष-किरणांच्या साहाय्याने, क्रिया चालू असताना पोटातील इंद्रियांची हालचाल कशी होते हे पाहण्यात आले. जे शतकानुशतके गुरुमुखातून सांगितले जात होते ते प्रथमच छायाचित्रावर दिसू लागले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे त्यांनी पुढे मोजून दाखविले आणि कृतज्ञतेने त्यास आपल्या गुरूंचे नाव दिले. योगाच्या प्रयोगशालीय अभ्यासाचा पाया येथे घातला गेला.

१९२४ च्या ऑक्टोबर महिन्यात, विजयादशमीच्या मुहूर्तावर, लोणावळा येथे कैवल्यधामाची स्थापना झाली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले. त्याच्या अंकांत प्रयोगांची माहिती, मोजमापे आणि आसनांची सचित्र वर्णने प्रसिद्ध होऊ लागली. जगन्नाथ गुणे आता स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. महात्मा गांधी, पंडित मदनमोहन मालवीय आणि पंडित जवाहरलाल नेहरू यांसारख्या नेत्यांनी त्यांचा सल्ला घेतला. १९२७ साली गांधीजी आजारी असताना त्यांचा स्वामीजींशी पत्रव्यवहार झाला होता. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक के. टी. बेहानन यांनी कैवल्यधामात राहून अभ्यास केला व १९३७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

या संशोधनातील एक प्रसंग शिक्षकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. प्राणायामाने शरीराला पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, असा समज तेव्हा रूढ होता आणि आजही अनेक ठिकाणी तसेच सांगितले जाते. स्वामीजींच्या मोजमापांत हा समज टिकला नाही. प्राणायामाचे मोल निराळे आहे, ते मज्जासंस्थेवरील आणि मनावरील परिणामात आहे, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. स्वतःच्या प्रिय विषयाच्या बाजूने जाणारा सोपा युक्तिवाद त्यांनी सोडून दिला. मुलांसमोर उभे राहणाऱ्या माणसाने खरे तेवढेच सांगावे, हा शिक्षकाचा धर्म त्यांनी प्रयोगशाळेतही पाळला.

पुन्हा शाळेकडे

त्या काळात महाराष्ट्रात शारीरिक शिक्षणाची एक मोठी चळवळच उभी राहत होती. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्यरत होते आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर केली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले होते. पुण्यात १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रीय मंडळाची उभारणी झाली. पाश्चात्त्य देशांत स्वीडनच्या लिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच शाळेतील व्यायामाला शास्त्राचे रूप दिले होते. आपल्या सरकारी शाळांत मात्र कवायत म्हणजे बहुधा निवृत्त शिपायाने दिलेले हुकूम एवढाच अर्थ उरला होता. मुले ते पाळीत आणि तास संपताच विसरून जात.

स्वामीजींनी या चळवळीत आपली भर घातली ती माणिकरावांच्या सांघिक पद्धतीचा योगासनांशी मेळ घालून. आसन ही एकांतात करावयाची गोष्ट. ते वर्गातील चाळीस-पन्नास मुलांना एकाच वेळी कसे शिकवावे, कोणती आसने कोणत्या वयास योग्य, कोणती वर्ज्य, क्रम कसा असावा, आज्ञा कोणत्या द्याव्यात, याचा त्यांनी बारकाईने विचार केला. ‘यौगिक संघ व्यायाम’ हे त्यांचे पुस्तक या कार्याचे फलित आहे. या व्यायामाला साहित्य लागत नाही, मोठे मैदान लागत नाही, खर्च जवळपास नाही. गरिबीतून शिकलेल्या माणसानेच हा विचार करावा हे स्वाभाविक होते. १९३० च्या दशकात संयुक्त प्रांताच्या शिक्षण खात्यानेही यौगिक व्यायामासाठी त्यांचे मार्गदर्शन घेतले.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. या सरकारने शारीरिक शिक्षणाची दिशा ठरविण्याचे काम स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली सोपविले. ज्या माणसाचे राष्ट्रीय महाविद्यालय सतरा वर्षांपूर्वी बंद पडले होते, त्याच्याकडे आता संपूर्ण प्रांतातील शाळांचा विचार करण्याची जबाबदारी आली. व्यायाम शिकविणारा शिक्षक स्वतः प्रशिक्षित असला पाहिजे, ही त्या वेळची सर्वांत मोठी निकड होती. १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षण शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तेथील प्राचार्य पी. एम. जोसेफ हे पुढे १९५७ साली ग्वाल्हेर येथे स्थापन झालेल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. शारीरिक शिक्षक हा शाळेतील इतर शिक्षकांच्या बरोबरीचा, पदवी घेतलेला शिक्षक आहे, ही कल्पना अशा रीतीने महाराष्ट्राच्या शिक्षणात रुजली. १९५० च्या सुमारास लोणावळा येथे योगशिक्षकांच्या अध्ययनासाठी गोवर्धनदास सेक्सरिया महाविद्यालयही उभे राहिले.

येथे मराठवाड्याचे वेगळेपण ध्यानी घेतले पाहिजे. मुंबई प्रांतात हे सारे घडत असताना औरंगाबाद आणि संपूर्ण मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. खेर मंत्रिमंडळाची समिती, कांदिवलीची संस्था यांचा लाभ येथील मुलांना मिळणे शक्य नव्हते. १९१५ साली स्थापन झालेल्या सरस्वती भुवनसारख्या खासगी शिक्षणसंस्था आणि गावोगावच्या तालमी यांनीच येथील तरुणांचे मन आणि मनगट सांभाळले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात सामील झाला. त्यानंतरच एका व्यवस्थेखाली शारीरिक शिक्षणाचा विस्तार येथवर होऊ शकला. आज छत्रपती संभाजीनगर शहरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र विद्यापीठ परिसरात आहे आणि गारखेडा भागात विभागीय क्रीडा संकुल आहे. उशिरा सुरुवात झालेल्या या प्रदेशाने बरेच अंतर कापले आहे.

शेवटच्या रांगेतील मूल

स्वामीजींच्या कार्याचे मर्म एका गोष्टीत सामावलेले आहे. शाळेतील शारीरिक शिक्षण हे निवडक खेळाडूंसाठी नाही, ते प्रत्येक मुलासाठी आहे. खेळाडू घडविणे हे मोठेच काम आहे. त्यासाठी निवड करावी लागते आणि निवड म्हटली की बहुसंख्य मुले मैदानाच्या कडेला उभी राहतात. जाड, अशक्त, भित्रे, आजारातून उठलेले मूल संघात येत नाही. स्वास्थ्याची गरज मात्र त्यालाच सर्वांत अधिक असते. स्वामीजी स्वतः तालमीत तयार झाले होते, बलोपासनेचे महत्त्व जाणत होते. तरीही त्यांनी आयुष्याची चाळीस वर्षे वेचली ती दुबळ्यालाही करता येईल अशा व्यायामाच्या शोधासाठी.

याच विचाराला आज जगाची मान्यता आहे. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटे तरी मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल मिळावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेसाठी क्रीडांगण आवश्यक मानले आहे. नियम आहेत, संशोधन आहे. परंतु वेळापत्रकातील तो तास गणिताला द्यावयाचा की मैदानाला, हा निर्णय शेवटी मुख्याध्यापकांच्या टेबलावर होतो. पालकांचा आग्रह, निकालाचे दडपण आणि मैदानावर नवी इमारत बांधण्याचा मोह या साऱ्यांना नम्रपणे नकार देणारा मुख्याध्यापक हाच या कार्याचा खरा आधार असतो.

देशात खेळाडूंसाठी १९६१ पासून अर्जुन पुरस्कार आहे, मार्गदर्शकांसाठी १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार आहे. महाराष्ट्रात शिवछत्रपती पुरस्काराची उज्ज्वल परंपरा आहे. हे सन्मान सर्वथा योग्यच आहेत. मात्र साऱ्या शाळेचे स्वास्थ्य राखणाऱ्या मुख्याध्यापकांसाठी राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांत स्वतंत्र वर्ग नाही. त्यांचे काम पदकात दिसत नाही, म्हणून ते नजरेतून सुटते. शिक्षणसंस्था, विश्वस्त मंडळे आणि समाजातील दानशूर व्यक्ती यांनी ही उणीव भरून काढणे शक्य आहे. वार्षिक समारंभात गुणवंत विद्यार्थ्यांसोबत अशा मुख्याध्यापकांचा सत्कार करता येईल. तो करताना किती पदके आणली हे न विचारता, आठवड्यातील किती तास साऱ्या मुलांनी मैदानावर घालविले, मुलींना किती वाव मिळाला, अपंग व अशक्त मुलांसाठी काय केले, हे विचारावे. पुरस्काराची रक्कम लहान असली तरी चालेल. असे प्रश्न विचारले जातात एवढे कळले तरी पुष्कळ शाळांतील मैदाने जागी होतील.

उशिरा झालेला गौरव

१८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी स्वामी कुवलयानंदांनी देह ठेवला. त्यांच्यानंतर स्वामी दिगंबरजी यांनी कैवल्यधामाची धुरा वाहिली. ३० ऑगस्ट २०१९ रोजी, म्हणजे स्वामीजींच्या जन्मदिनीच, आयुष क्षेत्रातील बारा थोर व्यक्तींची टपाल तिकिटे प्रकाशित करण्यात आली. त्यांत स्वामी कुवलयानंदांचा समावेश होता. मृत्यूनंतर त्रेपन्न वर्षांनी झालेला हा गौरव होता. २९ नोव्हेंबर २०२३ रोजी, कैवल्यधामाच्या शताब्दीच्या निमित्ताने, लोणावळा येथे शालेय शिक्षणात योगाचा समावेश या विषयावर राष्ट्रीय परिषद भरली. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. अमळनेरच्या प्राचार्याचा विषय शंभर वर्षांनी राष्ट्राच्या व्यासपीठावर आला.

तिकिटावर स्वामीजींची मुद्रा आहे ती योग्याची. त्या मुद्रेमागे एक शिक्षक आहे, ज्याने मुलांच्या हाती काही देण्यापूर्वी ते स्वतः करून पाहिले, मोजून पाहिले आणि मगच दिले. एका शाळेत जरी शारीरिक शिक्षणाचा तास परीक्षेच्या महिन्यातही नित्याप्रमाणे भरला, शेवटच्या रांगेतील मूल त्या तासाला मैदानावर आले आणि तेथील मुख्याध्यापकांच्या पाठीवर समाजाने कौतुकाचा हात ठेवला, तर या थोर आचार्यांच्या ऋणातून अंशतः उतराई झाल्यासारखे होईल. त्यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.